मुलीच्या पदवीदान समारंभासाठी तीन आठवड्यांत लंडन गाठायचे आहे : मार्गदर्शन हवे

कागलकर (24 नोव्हेंबर)

सर्वांना नमस्कार. आम्ही कोल्हापूरजवळ कागल तालुक्यात राहतो. माझी साडेचार एकर ऊसशेती आहे आणि गावात शेती-अवजारांचे छोटे दुकान आहे. धाकटी मुलगी गेल्या वर्षी एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी लंडनला गेली. तिचा पदवीदान समारंभ येत्या 15 डिसेंबरला आहे, म्हणजे हातात उरले आहेत तीन आठवडे.

इतक्या उशिरा का विचारता, असे कोणालाही वाटेल, म्हणून कारण आधीच सांगतो. खर्च नको, तुम्ही घरी बसून ऑनलाइन पाहा, असे मुलगी सुरुवातीपासून म्हणत होती आणि आम्हीही ते मान्य केले होते. परवा बोलता बोलता तिने सांगितले की प्रत्येक विद्यार्थ्याला घरच्यांसाठी दोन खुर्च्या मिळतात. तिच्या वर्गातील एका नायजेरियन मैत्रिणीच्या घरची चार माणसे येणार आहेत, तेव्हा आपल्या दोन खुर्च्या ती त्यांना देणार आहे. त्या रात्री माझ्या पत्नीला झोप लागली नाही. सकाळी चहा पुढे ठेवताना ती एवढेच म्हणाली, "तिचे आईबाप हयात असताना तिच्या खुर्च्यांवर दुसऱ्यांनी का बसायचे?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आम्ही दोघेही आजवर देशाबाहेर गेलेलो नाही. पासपोर्ट मात्र दोघांचेही 2031 पर्यंत वैध आहेत. शहरातील एका एजंटाकडे काल चौकशी केली. त्याने क्षयरोगाच्या तपासणीसह सगळे काम करून देतो असे सांगितले, आणि आठ दिवसांसाठी खात्यात पाच लाख रुपये "फिरवून" दाखवू, असेही सुचवले. हे ऐकून मी उठून आलो. आता प्रश्न असा की व्हिसा वेळेत मिळू शकतो का, विमानाचे तिकीट आजच काढावे की थांबावे, आणि मुलगी पाच जणींबरोबर एका घरात राहत असल्याने आम्ही राहावे कोठे. पत्नी पूर्ण शाकाहारी असून तिला रक्तदाबाचा त्रास आहे. मला मधुमेह आहे. ऊसतोड केव्हाही येईल, त्यामुळे आठ दिवसांहून जास्त थांबता येणार नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातवी गल्ली, राजारामपुरी

दादा, आधी मुलीला फोन करा आणि त्या दोन खुर्च्या अजून तिच्याच नावावर आहेत ना, याची खात्री करून घ्या. बाकी सर्व त्यानंतर.

मी 31 वर्षे बँकेत नोकरी केली आणि मागच्या वर्षी सुनेचे दिवस भरत आल्यावर अशाच घाईत लंडनला गेले, म्हणून अनुभवावरून लिहिते. तुम्ही एजंटाकडून उठून आलात ते योग्यच केले. क्षयरोगाची तपासणी सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामाच्या व्हिसासाठी लागते. आठ दिवसांच्या भेटीसाठी ती लागत नाही. खात्यात पैसे फिरवण्याची गोष्ट तर त्याहून गंभीर आहे. अर्जात फसवणूक आढळली तर व्हिसा नाकारला जातोच, शिवाय पुढची 10 वर्षे त्या देशाचे दार बंद होऊ शकते. खात्यात अमुक इतकी रक्कम असलीच पाहिजे असा नियम नाही. तुमची मिळकत, तुमचा प्रवासखर्च आणि तुमचे स्टेटमेंट यांचा मेळ बसतो की नाही, एवढेच तेथील अधिकारी पाहतो.

व्हिसाचा साधा निर्णय केंद्रात बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवड्यांत होतो, म्हणजे तुम्हाला तो मार्ग बंद आहे. प्राधान्य सेवा घेतली तर पाच कामाचे दिवस लागतात. मी भरले तेव्हा त्यासाठी माणशी 500 पौंड जास्तीचे द्यावे लागले. ही रक्कम मूळ शुल्काच्या जवळजवळ चौपट होती, पण तुमच्याकडे दुसरा उपाय दिसत नाही. लगेच पुढच्या कामाच्या दिवशी निर्णय देणारी आणखी महाग सेवाही असते. तिची गरज पडू नये. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर तुम्हा दोघांचे दोन स्वतंत्र अर्ज भरावे लागतील. उद्यापर्यंत भरा, पुण्याच्या व्हिसा केंद्रातली पहिली मोकळी वेळ घ्या, आणि तेथे जागा नसेल तर मुंबईची घ्या. 27 तारखेला ठसे दिले गेले तर 4 डिसेंबरच्या आसपास निर्णय कळेल. मधले शनिवार-रविवार कामाच्या दिवसांत धरू नका. हिशोब तेथेच चुकतो.

आता कागदांविषयी, कारण शेतकऱ्याच्या अर्जात अडचण येते ती येथेच. नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार दिसतो. तुमच्या खात्यात वर्षातून दोन-तीनदा ऊसबिलाची मोठी रक्कम एकदम येत असेल आणि मधले महिने हजार-दोन हजारांची ये-जा होत असेल. हजारो मैलांवर बसलेल्या अधिकाऱ्याला ती मोठी रक्कम उसनी आणून ठेवलेली वाटू शकते. म्हणून प्रत्येक मोठ्या जमेसमोर कारखान्याची बिलाची पावती जोडा: किती टन ऊस गेला, काय दर मिळाला, कोणत्या तारखेला पैसे जमा झाले. स्टेटमेंटवर त्याच ओळीला पेन्सिलने बारीक क्रमांक द्या आणि पावतीवर तोच क्रमांक लिहा. मी बँकेत असताना असे कागद समोर आले की फाइल पाच मिनिटांत हातावेगळी होत असे.

सातबारा, आठ-अ, कारखान्याचा सभासद दाखला हे सगळे मराठीत असते, आणि इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर जोडावे लागते. भाषांतर अचूक असल्याचे भाषांतरकाराने लिहून द्यावे, आणि त्याखाली तारीख, पूर्ण नाव, सही व संपर्काचा तपशील असावा. घरच्या मुलाकडून करून घेतलेले भाषांतर देऊ नका. दुकानाची नोंदणी, जीएसटी असल्यास त्याचे कागद आणि आयकर विवरणपत्रे ही तर हवीतच. वहिनींचे स्वतःचे उत्पन्न नसेल तर त्यांचा खर्च तुम्ही करत असल्याचे पत्र आणि विवाह प्रमाणपत्र त्यांच्या अर्जाला जोडा. मुलीकडून विद्यापीठाचे समारंभाचे पत्र, तिचे निमंत्रण, तिच्या व्हिसाचा पुरावा आणि तिचा पत्ता मागवून घ्या.

शेवटी एक पानाचे साधे पत्र लिहा. त्यात उशीर का झाला हे तुम्ही येथे लिहिले आहे तसेच लिहा, आणि 20 तारखेपर्यंत परतणे का भाग आहे हेही लिहा. शेतात तोडणीला आलेला ऊस, उघडे दुकान आणि घरची माणसे यांपेक्षा परत येण्याचा भक्कम पुरावा दुसरा नाही.

तिकिटाबद्दल: व्हिसा मिळेपर्यंत तिकीट काढू नका, असा ब्रिटिश सरकारचाच सल्ला असतो. भाडे वाढेल ही भीती खरी आहे, कारण नाताळ जवळ आहे. तरीही पैसे परत न मिळणारे तिकीट आज काढून आठ दिवस जीव टांगणीला लावण्यापेक्षा चार पैसे जास्त गेलेले परवडतील. मुंबईहून लंडनला थेट विमाने आहेत आणि साधारण दहा तास लागतात. पहिल्याच प्रवासात आखातात विमान बदलण्याच्या फंदात पडू नका.

इचलकरंजी ते ईलिंग

काका, नमस्कार. मी मूळचा इचलकरंजीचा, 14 वर्षांपासून लंडनमध्ये राहतो. व्हिसाबद्दल वर ताईंनी जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी येथे उतरल्यानंतरचे लिहितो.

राहण्यासाठी वेम्बली परिसराचा विचार करा. मध्यवर्ती लंडनपेक्षा तेथे खोल्या स्वस्त असतात, मेट्रोपॉलिटन आणि ज्युबिली या दोन भुयारी रेल्वेमार्गांनी शहरात थेट येता येते, आणि काकूंच्या दृष्टीने मुख्य गोष्ट म्हणजे ईलिंग रोडवर गुजराती शाकाहारी जेवण, भाजी, पीठ, मसाले असे सगळे पायी चालत मिळते. शक्यतो छोटे स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. दिवसभर थंडीत फिरून आल्यावर गरम वरणभाताइतके दुसरे काहीही बरे वाटत नाही. शहराच्या मध्यात जेवायची वेळ आली तर युस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर दक्षिण भारतीय शाकाहारी हॉटेले आहेत. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. बाटल्या विकत घेऊ नका.

हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनने या. 2022 साली सुरू झालेली ही गाडी प्रशस्त आहे आणि तिच्या स्थानकांवर सामानासह चढणे-उतरणे सोपे जाते. पिकॅडिली लाइन स्वस्त पडते, पण तिचे डबे अरुंद आहेत आणि वेळही जास्त लागतो. दोन मोठ्या बॅगा घेऊन पहिल्याच दिवशी तो त्रास नको. प्रवासासाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही. बँकेचे संपर्काविना चालणारे कार्ड फाटकावर टेकवायचे, आत जाताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवायचे. दिवसाच्या भाड्याला ठरावीक कमाल मर्यादा असते, त्यापुढे पैसे कापले जात नाहीत. मात्र दोघांना दोन कार्डे लागतात, एका कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत. बसमध्ये फक्त चढताना कार्ड टेकवायचे. बसवाला 2014 पासून रोख पैसे घेत नाही, त्यामुळे खिशात नोटा असूनही माणूस थांब्यावर उभा राहिलेला मी पाहिला आहे. बँकेत जाऊन कार्डावरचे परदेशी व्यवहार आठवणीने सुरू करून घ्या, नाहीतर सरळ दोघांसाठी परकीय चलन भरलेली दोन फॉरेक्स कार्डे घ्या.

गावातल्या कोणी जुन्या पौंडाच्या नोटा दिल्या तर त्या आणू नका. 20 आणि 50 पौंडांच्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर दुकानात चालत नाहीत. आता सर्व नोटा प्लास्टिकसारख्या गुळगुळीत असतात.

डिसेंबरमध्ये येथे सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. कोल्हापूरच्या माणसाला हे ऐकून कळत नाही, अनुभवावे लागते. पहिल्या दिवशी चार वाजता दाट अंधार पाहून माझी आई घाबरली होती. तेव्हा उघड्यावरचे जे पाहायचे ते सकाळी दहा ते तीनमध्ये पाहा आणि अंधार पडल्यावर संग्रहालयात शिरा किंवा दिवे पाहायला जा. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम येथे मुख्य दालनांना प्रवेशशुल्क नाही. नाताळची रोषणाई रीजंट स्ट्रीटवर फुकट पाहता येते, आणि ट्रॅफल्गार चौकात नॉर्वेने पाठवलेले उंच झाड उभे असते. 1947 पासून दरवर्षी नॉर्वे ते झाड लंडनला भेट देत आला आहे. कोहिनूर पाहण्यासाठी टॉवर ऑफ लंडनचे तिकीट मात्र महाग आहे. ते मनाला पटले तरच काढा.

कितीही आग्रह झाला तरी मुक्काम नाताळपर्यंत वाढवू नका. 25 डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वे आणि बस दोन्ही पूर्ण बंद असतात.

आणि एक विनंती. 12 तारखेला निघून 13 ला पोहोचलात तर 14 हा दिवस पूर्ण मोकळा ठेवा. भारत लंडनहून साडेपाच तास पुढे असल्याने पहिल्या रात्री तुम्हाला पहाटे तीनलाच जाग येईल. 15 ला समारंभाच्या ठिकाणी तासभर आधी पोहोचा; अशा कार्यक्रमांत एकदा दारे लावली की उशिरा आलेल्यांना बहुधा आत घेत नाहीत.

कागलकर (25 नोव्हेंबर)

ताई आणि इचलकरंजीकर, आपण दोघांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. खुर्च्या परत मिळाल्या. मुलगी फोनवर बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "बाबा, खरंच येताय?" अर्ज आज रात्री भरतो आहे. अर्जात महिन्याचा घरखर्च विचारला आहे. तो आम्ही कधी लिहून ठेवला नव्हता, म्हणून पत्नी आणि मी किराणा, दूध, वीज, औषधे असे एकेक आठवून आता मांडत बसलो आहोत.

पत्नीचे विचारणे आहे की मुलीसाठी अंबाबाईचे पेढे, घरचे तूप, कांदा-लसूण चटणी आणि गूळ नेता येईल का.

इचलकरंजी ते ईलिंग

काकूंना सांगा, पेढे आणि तूप आणू नका. भारतातून येताना मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणण्यास बंदी आहे. पेढा, बर्फी, बासुंदी, तूप हे सर्व त्यात येते आणि सापडले तर विमानतळावर काढून घेतात. ताजी फळे, हिरवी भाजी हेही नको. कोरडी चटणी, गूळ, भडंग, पापड, शेंगदाण्याची चटणी खुशाल आणा. चटणी दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेत नको. माझ्या एका पाहुण्याच्या बॅगेत कांदा-लसूण चटणीची पिशवी फुटली आणि त्याचा समारंभाचा पांढरा सदरा कामातून गेला.

गडहिंग्लज औषधवाले

काका, औषधांबद्दल थोडक्यात लिहितो. दोघांची औषधे मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त घ्या, पाकिटांतून काढून डबीत भरू नका, आणि डॉक्टरांकडून औषधातील मूळ घटकाच्या नावासह इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्या. सर्व औषधे हातातल्या बॅगेत असू द्या. इन्सुलिन घेत असाल तर ते मोठ्या बॅगेत अजिबात ठेवू नका, कारण विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होऊ शकते. वेळेतील साडेपाच तासांच्या फरकाने गोळ्यांची वेळ कशी बदलायची, हे निघण्यापूर्वी तुमच्याच डॉक्टरांना विचारा.

प्रवासविमा व्हिसासाठी सक्तीचा नाही, तरी घ्याच, आणि घेताना मधुमेह व रक्तदाब लपवू नका; लपवलेल्या आजाराचा दावा विमा कंपनी मान्य करत नाही. तेथील सरकारी रुग्णालयात तातडीच्या विभागातील तपासणीला पैसे पडत नाहीत, पण दाखल व्हावे लागले तर आपल्यासारख्या पाहुण्यांना ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते.

माणगाव

आपल्या मोकळ्या वेळेत एका ठिकाणी जावे असे सुचवतो. प्रिमरोज हिलजवळ 10, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये शिकत असताना तेथे राहिले होते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली ते विकत घेऊन स्मारक केले आहे. चॉक फार्म स्थानकावरून पायी जाता येते. 1920 च्या मार्चमध्ये आमच्या माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांचे जाहीर कौतुक केले, आणि त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. कोल्हापूरच्या शेतकऱ्याची मुलगी त्याच शहरात पदवी घेत असताना आईवडिलांनी त्या दारापर्यंत तरी जाऊन यावे, असे मला मनापासून वाटते.

शाहू महाराज स्वतः 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेले होते. तो सोहळा 26 जूनला ठरला होता, पण दोनच दिवस आधी राजावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो 9 ऑगस्टपर्यंत पुढे गेला. तो सोहळा झालेले वेस्टमिन्स्टर ॲबी बाहेरून पाहायला पैसे पडत नाहीत.

सातवी गल्ली, राजारामपुरी

माणगावकरांची सूचना मला फार आवडली. मुंबईबद्दल एक राहिले होते. विमान ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा. पुण्यापर्यंतच्या महामार्गावर कामे सुरू असतात, तेथे दोन तास कसे गेले ते कळत नाही. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरा, सकाळी मुंबईत उतरा आणि दिवसभर कोणा नातेवाइकाकडे विश्रांती घ्या. वहिनींसाठी साडीच्या आत घालायचे गरम कपडे घ्या आणि चपलांऐवजी पकड असलेले बंद बूट घ्या, कारण तेथील फुटपाथ डिसेंबरात सतत ओले असतात. बूट नवे असतील तर आजपासूनच घरात घालून फिरायला सांगा.

कागलकर (5 डिसेंबर)

दोघांचाही व्हिसा मंजूर झाल्याचे काल सायंकाळी कळले. ठसे पुण्यात 27 लाच दिले होते. कारखान्याच्या सात पावत्या क्रमांक घालून जोडल्या होत्या. भाषांतराला दोन दिवस लागले, तेवढीच काय ती धावपळ झाली. 12 तारखेचे मध्यरात्रीनंतरचे थेट विमान मिळाले, त्यामुळे 10 च्या रात्रीच्या महालक्ष्मीचे आरक्षण केले आहे. परतीचे विमान 19 चे आहे. वेम्बलीत शेगडी असलेली खोली मिळाली. ऊसतोड त्याआधी आलीच तर भाऊ पाहणार आहे.

पेढे आज देवळातच वाटले. पत्नी नवे बूट घालून परड्यात शेळ्यांना चारा टाकते आहे. त्या नायजेरियन मैत्रिणीच्या घरच्या चौघांपैकी दोघांना आता आत बसता येणार नाही, शेजारच्या सभागृहात पडद्यावर पाहावे लागणार आहे, असे मुलगी म्हणाली. हे ऐकल्यापासून पत्नीला चैन नाही. त्या घरासाठी म्हणून तिने दोन किलो गूळ आणि भडंगाची एक पिशवी वेगळी बांधली आहे, आणि बॅगेचे वजन जास्त झाले तर माझा दुसरा कोट काढायचा असे ठरवले आहे.